घडीचा फोन, धुळीचा तालुका

सॅमसंगचा गॅलक्सी झेड फोल्ड 7 हा मधोमध मिटणारा फोन जुलै 2025 मध्ये आला, तेव्हा किंमत होती 1,74,999 रुपये. शेवटचा एक रुपया सोडलाय. तेवढीच गिऱ्हाइकाची कणव.

हा आकडा शिरूर-दौंडच्या चलनात मोजू. म्हणजे उसात. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये. एक फोन म्हणजे 49 टन ऊस. एकरी चाळीस टन पडला, तर सव्वा एकराचा फड खिशात घालून फिरायचा. तोडणी-वाहतूक अजून कापलेली नाही. टोळीची खुशाली तर कुठल्याच कागदावर येत नाही.

एफआरपी 14 दिवसांत द्या, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. फोनचा हप्ता कुठलाही आदेश न वाचता वेळेवर कापला जातो.

बरं, एवढे मोजून घ्यायचं काय? तर 'आयपी 48'. यातला 8 पाण्याचा. गोड्या पाण्यात दीड मीटर खोल, अर्धा तास पडला तरी फोन जिवंत. 4 हा धुळीचा. एक मिलिमीटरहून जाड काही आत शिरणार नाही, एवढीच हमी. त्याहून बारीक असेल तर?

तर तुमचं तुम्ही बघा.

आता शिक्रापूरच्या चौकात उडणारी धूळ एक मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून कोण देणार? राहू-केडगावकडच्या गुऱ्हाळांची राख, पेटवलेल्या पाचटाची काजळी, कांद्याच्या वखारीतला फोलपटांचा भुगा: यातलं काहीही कंपनीला विचारून उडत नाही. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. इथं पाण्याची वानवा आणि धुळीची रेलचेल. आणि फोन कसा? पाण्याला पुरून उरणारा, धुळीपुढे हात टेकणारा.

विहिरीत पडला तर वाचेल म्हणतात. मे महिन्यात आधी विहिरीत दीड मीटर पाणी दाखवा.

गूगलने मात्र पिक्सेल 10 प्रो फोल्डला आयपी 68 देऊन धूळ पुरती अडवली. आला तेव्हा किंमत 1,72,999. धूळ अडते, पैसे अडत नाहीत. मोटोरोलाच्या एज 60 फ्यूजन या साध्या, न मिटणाऱ्या फोनला तोच 68 चा शिक्का आहे, आणि तो 22,999 ला आला होता. वरचे दीड लाख कशाचे? घडीचे.

ती घडी पाच लाख वेळा घालून बघितलीय, असं सॅमसंग सांगते. दिवसाला शंभरदा उघड-मीट केली तरी तेरा वर्षांहून जास्त. सॉफ्टवेअरचे अपडेट मिळणार सात वर्षं. म्हणजे फोन निकामी होईल, बिजागरी तेवढी ठणठणीत राहील.

शिवाय ही उघड-मीट झाली प्रयोगशाळेत. तिथे यंत्राच्या हाताला ना मळी लागलेली असते, ना ऊन.

आतल्या स्क्रीनवर कंपनीच एक पातळ फिल्म चिकटवून देते. ती काढायची नाही. 2019 मध्ये पहिला फोल्ड आला तेव्हा अमेरिकेत फोन तपासायला मिळालेल्या काही पत्रकारांनी साधं प्लॅस्टिक समजून ती सोलली आणि स्क्रीन गेले. काहींचे न सोलताही गेले. एप्रिलचा फोन सप्टेंबरवर ढकलावा लागला. आपल्याकडे ही सोलासोली झालीच नसती. टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक दहा वर्षं न काढणारी माणसं आपण!

आपला घोळ उलटा. शिरूरच्या पेठेतला पोरगा म्हणणार, "काका, शंभरात वरून अजून एक काच मारून देतो." अहो, मिटणाऱ्या स्क्रीनवर काच? "मग नका मिटू."

पोरगा खोटं बोलत नाही.

साधा फोन फुटला तर तोच पोरगा तासाभरात स्क्रीन बदलून देतो, चहा येईपर्यंत दोन शिव्या कंपनीला देतो. घडीचा फुटला की फोन उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "पुण्याला पाठवावा लागेल." पुण्याला पाठवलेली वस्तू कधी येते, हे दौंडच्या शटलने रोज जाणाऱ्याला विचारा.

आणि शटलमध्ये हा फोन उघडायचा कसा? एका हातात वरची कडी, दुसऱ्यात फोन, डबा काखेत. उघडायला दोन्ही हात लागतात. तिसरा हात अजून हप्त्यावर मिळत नाही.

"मग मिटूनच वापरा की!" वापरू. मिटला की तो साध्या फोनसारखाच चालतो म्हणे. साधा फोन आधीपासून साध्या फोनसारखाच चालतो. आणि त्याची बॅटरी? तेरा-चौदा हजारांच्या फोनमध्ये 6,000 एमएएचच्या पुढची मिळते. इथं 4,400.

फायदा काहीच नाही असं नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत ड्रॉइंग बघणाऱ्या सुपरवायझरला मोठा स्क्रीन बरा. सातबारा बोटांनी ताणत, सरकवत वाचण्याचा ताप थोडा कमी होईल. अर्धवट मिटून ठेवला तर टेबलावर आपला आपण उभा राहतो, कीर्तन रेकॉर्ड करता येतं. आजवर हे काम पाण्याची बाटली करत होती. फुकट.

रांजणगावावरून आठवलं. तिथं एलजीचा कारखाना आहे, एके काळी तिथं मोबाईलही बनायचे. या एलजीने जानेवारी 2021 मध्ये गुंडाळता येणारा फोन जगाला दाखवला. एप्रिलमध्ये कंपनीने मोबाईलचा धंदाच गुंडाळला. रांजणगावात फ्रिज अजून बनतात. ते मिटून दाखवा असं कुणी म्हटलेलं नाही.

आपली गरज तरी केवढी? रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायची तर मोबाईल स्टार्टरला एक कॉल पुरतो. तो कॉल बटणांच्या डबड्यावरूनही लागतो. बांधावर उसाच्या कडेने जाताना, बिबट्याच्या धास्तीने, बॅटरी हातात हवी. नोकियाने 1100 ला ती 2003 मध्येच दिली होती. तेव्हापासून आपल्या गरजेत फार फरक पडलेला नाही. किमतीतच पडला.

मग घेतं कोण? लग्नसराईत मंगल कार्यालयात चक्कर मारा. पंगतीच्या ऐन मध्यात एखादा गुंठामंत्री खिशातून फोन काढतो, चार माणसं बघतायत याची खात्री करतो आणि दोन्ही हातांनी सावकाश उघडतो. शेजारचे माना लांब करतात. आत काय दिसतं?

गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. आठ इंची.