गाडीचा अंगठा जुळेना

वाशीममध्ये चालत्या गाडीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं, की मात्र पुसद नाक्यावरचा पानठेला निम्मा रिकामा होतो. निदान प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. एक म्हणतो बॅटरी बसली, दुसरा म्हणतो प्लगात कचरा, तिसऱ्याचा पेट्रोलपंपावर जुना राग असतो. चौथा बोलतच नाही. तो सरळ डिकीला हात लावून विचारतो, ‘‘देऊ का धक्का?’’

एमएच ३७ पासिंगच्या एका वयस्क हॅचबॅकच्या वाट्याला हा मान आला. मालक रिसोडकडचे सेवानिवृत्त गुरुजी. किल्ली आणि लॉक दोन्ही एवढे झिजले होते, की किल्ली आत घालून थोडी बाहेर ओढावी, जरा हलवावी, मनात देवाचं नाव घ्यावं, तेव्हा कुठे ती फिरायची. अखेर एका गॅरेजात नवं इग्निशन लॉक बसलं. नवी किल्ली एका बोटानं फिरली. दिवे लागले, सेल्फ दणक्यात फिरला, इंजिन क्षणभर गुरगुरलं आणि गप्प झालं. पुन्हा सेल्फ, पुन्हा गुरगुर, पुन्हा गप्प.

‘‘इंजिन तं पकडून रायलं गुरुजी, मंग सोडून काहून देते?’’ मिस्त्रीनं गाडीच्याच मालकाला विचारलं.

मिस्त्री अडाणी नव्हता. त्याचा पहिला संशय आपल्याच कामावर गेला, हे त्याच्या धंद्यात दुर्मीळच. लॉकच्या पाठीशी विजेचा एक स्विच असतो. किल्ली एका घरात आली की डॅशबोर्डला वीज, पुढच्या घरात इंजिन आणि गाडीतल्या इंधनपंपाला, शेवटच्या घरात सेल्फला. लॉकची पात स्विचच्या खाचेत नीट बसली नाही किंवा कप्लर सैल राहिलं, तर दिवे लागतात पण सेल्फ हूं की चूं करत नाही. इथं सेल्फ तर ठणठणीत. फ्यूज पाहिले, बॅटरीचं टर्मिनल आवळलं. मग चौथ्या इसमाचं ऐकून सगळ्यांनी मिळून धक्काही मारला. गाडी गिअरात टाकली तशी इंजिनानं उचकी दिली. दम फक्त माणसांना लागला.

नुकताच आयटीआय करून आलेला एक पोरगा तेवढ्यात म्हणाला, ‘‘उस्ताद, हा किल्लीच्या चित्राचा दिवा काहून मिचकून रायला?’’

तो दिवा इमोबिलायझरचा. अशा गाड्यांच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. लॉकभोवती तारेचं एक कडं असतं, ते रेडिओलहरींतून चिपला जागं करतं आणि तिच्याकडून तिचा क्रमांक वदवून घेतं. क्रमांक ओळखीचा निघाला नाही, तर गाडीचा संगणक इंजिनाचं इंधन तोडतो. म्हणून ढकलूनही उपयोग शून्य. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळला नाही तर समोर गव्हाची पोती असून पिशवी रिकामीच परत येते, तसलाच हा कारभार. नवं लॉक उत्तम होतं, नवी किल्ली चकचकीत होती. पण गाडीच्या दप्तरी तिची नोंदच नव्हती.

मोटारीला आधी असले नखरे नव्हते. जुन्या जीपला नि ॲम्बेसेडरला पुढून हँडल मारलं तरी चालायचं. मनगट मजबूत हवं, ओळखपत्र कोणी मागत नसे. चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, किल्ली फिरवून गाडी चालू करायची सोय क्रायस्लरनं १९४९ मध्ये आणली. पुढे चोरही शिकले. दोन तारा जोडून गाडी पळवायला लागले, तेव्हा जर्मनीनं १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा केला. त्याच वर्षी १ जुलैला वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. कागदोपत्री वेगळा. कारण मिस्त्रीचा पुढचा सल्ला होता, ‘‘आता स्कॅनरवाला पाहा लागते. गाडी अकोल्याले न्या.’’

म्हणजे मालेगाव, मेडशी, पातूर करत गाडी दोरीनं ओढत न्यायची. गुरुजींचा चेहरा उतरला. पोरानं मात्र वेगळाच प्रश्न टाकला: ‘‘जुनी किल्ली कुठी हाय?’’

जुनी किल्ली जुन्या लॉकसकट भंगाराच्या डब्यात होती. भंगारवाला यायचा होता, एवढंच गुरुजींचं नशीब. डबा पालथा केला. ग्रीसमध्ये लोळलेली किल्ली पुसून पोरानं नव्या लॉकच्या कड्याला चिकटवून धरली आणि नवी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, चालूच राहिलं. ‘‘म्या म्हटलंच होतं,’’ असं तीन जण म्हणाले. त्यातला एक पेट्रोलवाला होता.

गुरुजींनी ती किल्ली काळ्या टेपनं तिथंच गुंडाळून घेतली आणि अकोल्याचा खर्च वाचवला. हा शहाणपणा नव्हे. ओळख पटवणारी चिपच लॉकला बांधून ठेवली, तर इमोबिलायझर चोरालाही सलाम ठोकतो. तेव्हा लॉक बदलायला गाडी दिलीत तर जुनी किल्ली आठवणीनं मागून घ्या. आरसी बुक आणि ओळखपत्र घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये जा, नव्या किल्लीची नोंद करून घ्या. आणि लॉक बदलल्यावर गाडी अडली, तर धक्का मारण्याआधी तो मिचकणारा दिवा बघा.