चाळीस टक्क्यांचं अंडं

वय वर्षं चार, आहार 'प्लांट-बेस्ड'. वाढदिवसाला बाकीची पोरं केकवर तुटून पडलेली आणि हा घरून आणलेला खजुराचा लाडू चिमटीत धरून उभा. "त्याला ना, केक आवडतच नाही," आई कौतुकानं सांगते. तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर क्रीमची बारीक मिशी असते.

इटलीत २०१६ साली एल्विरा साविनो या खासदारबाईंनी सोळा वर्षांखालच्या मुलांवर व्हीगन आहार लादणाऱ्या आईबापांना थेट तुरुंगात धाडणारं विधेयक आणलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही. बरंच झालं म्हणायचं; वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही, ते वेगळं द्यावं लागतं, एवढं सांगायला हवालदार कशाला?

आपल्याकडे तर हरकतीवरच काम भागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. केळं आल्यावर भांडण उरायला नको होतं, पण पालकांना आपल्या लेकराच्या ताटाइतकीच शेजारच्या ताटाचीही काळजी! मग तोडगा निघाला: बाहेरच्या संस्थेच्या स्वयंपाकघरातून जेवण येणाऱ्या शाळांत चाळीस टक्क्यांहून जास्त पालकांचा विरोध असेल, तर तिथं अंडं नाही. उरलेल्यांच्या पोरांनी अर्थातच केळं सोलायचं.

जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा निधीच थांबवला. हवं असेल तर शाळेनं लोकसहभागातून सोय करावी. पावतीपुस्तकं काय, गल्लोगल्ली असतातच.