तीस तासांचा दिवस

बदलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर एक चिरंजीव राहतात. फोर्टातल्या एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळतात आणि, त्यांच्या वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे, फावल्या वेळात राज्यसेवेचा अभ्यास करतात. अशा होतकरू तरुणाला सल्ला द्यायला महाराष्ट्रात कोणाची ना नसते. साहेबांना त्यांचे 9 तास हवेत. जाण्यायेण्यात, लोकल वेळेवर धावली तर, 4 तास जातात. क्लासचे सर सांगतात, 8 तास बैठक मारल्याशिवाय पोस्ट निघत नाही. जिमवाल्याला रोज 1 तास हवा. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून देताना 8 तास झोप सांगितली. बेरीज झाली 30. अंघोळ, जेवण आणि मावसबहिणीचं लग्न त्यात धरलेलं नाही.

आता ही तूट भरून काढायची कुठून? ऑफिसात अंगठ्याचं मशीन आहे, त्याला दयामाया नाही. रेल्वेला सांगून उपयोग नाही. सरांची फी आगाऊ भरली आहे. जिमचीही भरली आहे, पण जिमवाले समजूतदार. पैसे भरून न येणाऱ्यांवरच त्यांचा संसार चालतो. राहता राहिली झोप. तिला ना युनियन, ना हजेरीपट. तेव्हा सगळी कपात तिच्यातून.

व्यायामाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मागते. आयत्या वेळी बदललेला प्लॅटफॉर्म पूल चढून-उतरून गाठण्यात ती आरामात भरतात. अभ्यास गाडीतच. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाइलवर राज्यघटनेच्या नोट्स, पान सरकवायला अंगठा. चिरंजीव कलम 21 पाशी, म्हणजे सन्मानाने जगण्याच्या हक्कापाशी पोहोचतात तेवढ्यात ठाणं येतं आणि चढणाऱ्यांचा एकच रेटा त्यांना हक्कासकट समोरच्याच्या पाठीवर चिकटवतो.

थोरामोठ्यांचा आशीर्वाद आहेच. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांकडे आठवड्याचे 70 तास मागितले. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. चिरंजीवांपुढे तो प्रश्न नाही. स्थळं येतात आणि ‘आधी पोस्ट निघू दे’ म्हणून परत जातात. मग सरकारने तरी मागे का राहावं? सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतली कामाची रोजची मर्यादा 9 वरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. आमची बेरीज 31 वर गेली.

लोकसेवा आयोगाचं वेळापत्रक मात्र लवचिक आहे. 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वपरीक्षा नेमकी बँकेच्या परीक्षेच्या दिवशी आली. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, परीक्षा पुढे गेली आणि 1 डिसेंबरला झाली. नोकरी करणाऱ्यांनी अभ्यासासाठी टाकलेली ऑगस्टातली रजा तेवढी पुढे गेली नाही. 2025 पासून मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली: 9 पेपर, गुणवत्तेसाठी 1750 गुण. दिवसभर एक्सेलमध्ये आकडे बडवणाऱ्या बोटांना आता निबंध लिहायचा सराव हवा. त्याचा वेळही झोपेच्याच खात्यातून वळता करण्यात आला आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कोणी विचारील. उत्तर सरकारच्याच दप्तरात आहे. खासगी नोकरांचा दिवस लांबवू पाहणाऱ्या ह्याच सरकारच्या कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे काम आणि विश्रांतीचा समतोल आपल्या राज्यात आहे. फक्त तो स्पर्धा परीक्षेने मिळतो आणि जागा मर्यादित आहेत.

चिरंजीवांची पोस्ट निघो. मग गुलाल उधळला जाईल, चौकात फ्लेक्स लागेल, क्लासवाले शाल-श्रीफळ देतील आणि ‘नोकरी सांभाळून यश कसं मिळवावं’ यावर त्यांचं व्याख्यान ठेवतील. ते शनिवारी सकाळी असेल. त्यांना सुट्टी असेल. ऐकणाऱ्यांना रजा टाकावी लागेल.