टोपीवाली सून

युद्धाच्या धामधुमीत, १ जून १९४१ रोजी, इंग्लंडात कपड्यांवर कूपनं आली. झग्याला कूपन, मोज्यांना कूपन. बायकांच्या हॅटला मात्र नाही. सरकारला दया आली असं समजू नका. हॅट कूपनाशिवाय मिळायची, फक्त परवडायची नाही. मग मडमांनी डोक्याला रुमाल गुंडाळला, कपाळावर गाठ मारली आणि त्याला टर्बन म्हणायला सुरुवात केली. दिवसा कारखान्यात केस यंत्रात जाऊ नयेत म्हणून टर्बन, रात्री त्यालाच एक पिन टोचली की फॅशन. आमच्याकडे असा पटका बांधून कुणी नाचायला गेलं असतं, तर अंगात आलं म्हणून लिंबू उतरवलं असतं.

केसांचं संकट अमेरिकेतही होतं. व्हेरॉनिका लेक नावाच्या नटीची एक बट कायम डोळ्यावर. कारखान्यातल्या पोरी तिची नक्कल करायला लागल्या, तेव्हा सरकारनं तिलाच केस वर बांधायची विनंती केली. सोलापुरात असली विनंती कुणी केली नाही. जुन्या गिरणीचा भोंगा झाला की कामाला निघणाऱ्या बायांचा तेल चोपडलेला अंबाडा असा आवळलेला असे, की त्यात अडकून यंत्रच बंद पडलं असतं. आणि त्यावर पदर. ऊन, धूळ, रुई, सासरे, सगळ्यांवर एकच इलाज.

शिवाय ही हॅट लुगड्यालाच जोडून यायची. पदराला वेगळं कूपन लावायची अक्कल कुठल्याच सरकारला सुचली नाही. पण १९४३ साली कापडावर कंट्रोल आला आणि गिरण्यांच्या या गावातसुद्धा लुगड्यासाठी ओळखपाळख काढायची वेळ आली. मुळात लुगडंच नाही, तर पदर घेणार कुठला?

डोकं झाकायचा नियम मात्र ढळला नाही. तिकडे १९४२ सालीच कँटरबरीच्या आर्चबिशपांनी जाहीर करून टाकलं, की बायका चर्चमध्ये बोडक्या डोक्यानं आल्या तरी चालेल. तसलं परिपत्रक आमच्या सासवांनी आजतागायत काढलेलं नाही.

अशा या गावची एक सून त्याच वर्षांत चक्क टोपी घालत होती. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं त्यांनी १९४१ साली क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. चीनच्या आठव्या मार्ग सेनेत जवानांचा गणवेश तोच बायकांचा, टोपीही तीच. कापडी, मऊ, पुढे झापड. पुढच्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टर गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय.

आमच्या आत्याला हे सगळं ठाऊक होतं, टोपी सोडून. मी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"टोपी? बाईमाणसाच्या डोक्यावर?"

"पँट होती तिला, आत्या. पदर आणणार कुठनं?"

आत्यानं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकेपर्यंत तिचा विचार चालला. भाकरी उलटली तसं मतही उलटलं.

"म्हणजे डोकं झाकलेलं होतं."

"हो."

"मग काय बिघडलं? तुझं कुठं झाकलेलं असतंय?"

मी विषय बदलायला शेंगाची चटणी पुढे ओढली.

"ती टोपी पडत नसंल गं कामात," आत्या म्हणाली. "आम्ही एका हातानं पदर धरायचा आणि एका हातानं हंडा. आन् धुवायला किती हलकी! नऊवारीचा ओला पदर पिळून बघ एकदा."