ओरगडमच्या भिंतीवरची मराठी

मोबाइलवर सगळं दिसतं, तरी ते टीव्हीवरच दिसावं म्हणून माणूस काय काय खटपटी करतो, हे पाहायचं असेल तर ओरगडमला यावं. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, वंडलूर–वालाजाबाद रस्त्यावरचं हे गाव. २०१० साली इथे रेनो-निस्सानचा कारखाना उघडला, २०१२ साली डेमलरच्या ट्रकचा, पुढच्याच वर्षी रॉयल एनफिल्डचा. गाड्या बनवायला माणसं लागतात. ती जपानहून आली, जर्मनीहून आली आणि चाकण-पिंपरीहूनही आली. दिवसा ही सगळी मंडळी एका भाषेत, म्हणजे मोडक्या इंग्रजीत, बोलतात. संध्याकाळी घरी गेल्यावर प्रत्येकाला टीव्हीतून आपल्या गावची भाषा ऐकायची असते.

यात जपान्याचे हाल जास्त. तिकडे ‘टीव्हर’ नावाचं अॅप आहे, त्यावर तिथल्या वाहिन्यांचे कार्यक्रम फुकट दिसतात. पण ते देशाची वेस ओलांडत नाही. आपण कुठून पाहतो आहोत हे इंटरनेटच्या पत्त्यावरून त्याला कळतं आणि ते दार लावून घेतं. मराठी माणूस त्या मानाने सुखी. तो परमुलखात असला तरी परदेशात नसतो. इथल्या स्वस्त तमिळ पॅकमध्ये मराठी वाहिनी नसते इतकंच. आणि ‘एका मालिकेसाठी वेगळे पैसे कशाला?’ असं म्हणणारे बाबा प्रत्येक घरात असतात. मग मोबाइलवरची मालिका टीव्हीवर चढवायची असं ठरतं.

चढवण्याचे प्रकार दोन. पहिला ‘कास्ट’. यात फोनला काही उचलावं लागत नाही. तो फक्त सांगतो, अमुक भाग आण. इंटरनेटवरून आणायचं काम टीव्हीला खोचलेली कांडी करते. क्रोमकास्ट नावाची ही कांडी डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना भारतात आली, आणि आता तर बऱ्याच टीव्हींच्या पोटातच ती सोय असते. एकदा हुकूम सोडला की फोन खिशात घाला, त्यावर साताऱ्याला बोला, मालिका चालूच राहते. ही झाली मुकादमाची पद्धत, आणि कारखान्यातल्या माणसाला ती लगेच पटते.

दुसरा प्रकार ‘मिररिंग’, म्हणजे टीव्हीसमोर फोनचाच आरसा धरायचा. आरशाला आडपडदा ठाऊक नसतो. नायिका डोळे पुसत असताना वरून पट्टी सरकते आणि ‘सासूबाई परत कधी जाणार?’ हा मैत्रिणीचा जिव्हाळ्याचा प्रश्न त्रेचाळीस इंची पडद्यावर, सासूबाईंच्या देखत उमटतो. त्यापुढची मालिका कुणी पाहत नाही. घरातलीच सुरू होते. शिवाय चोरी होऊ नये म्हणून काही अॅप्स आरशात चित्र येऊच देत नाहीत. पडदा काळा, आवाज मात्र खणखणीत. बाबा म्हणतात, “छान! आकाशवाणी लागली.”

कास्टलाही एक खोड आहे. घरातल्या एकाच वायफायवर असलेल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनवर त्या कार्यक्रमाची बटणं आपोआप उगवतात. पूर्वी रिमोट बाबांच्या उशाशी असायचा आणि सत्ता कुणाकडे आहे हे पाहुण्यालाही कळायचं. आता आतल्या खोलीत अभ्यास करणारी नात एका बोटाने आजोबांची मालिका थांबवते आणि आजोबा टीव्हीला थापट्या मारत बसतात. कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये याच्या नेमकं उलट. तिथल्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसूच नये अशी व्यवस्था असते. फोन हातात, टीव्ही चार हातांवर, आणि दोघांची ओळख नाही. अनुभवी इंजिनिअर म्हणून बॅगेत एचडीएमआयची वायर बाळगतो.

एवढं करून आपण काय पाहतो? काही वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर घरमालकीण अम्मा ‘बाकियलक्ष्मी’ पाहायच्या आणि वर आई ‘आई कुठे काय करते’. जिन्यात भेट झाली की दोघी हातवाऱ्यांनी नायिकेच्या नवऱ्याचा उद्धार करायच्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी कथा शब्दन् शब्द कळायची. कळणारच, दोन्ही मालिका ‘श्रीमोयी’ या एकाच बंगाली मालिकेवरून बेतलेल्या. म्हणजे आईने अम्मांकडे बसून पाहिलं असतं तरी कथेचं काही अडलं नसतं. पण आईला कथा नकोच होती. कणीक मळताना कानावर पडायला तिला मराठी भांडण हवं होतं.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. फोनवर पाहणं म्हणजे डबा खाणं आणि टीव्हीवर पाहणं म्हणजे पंगत. पदार्थ तेच, पण डब्यात आग्रह नसतो, नावं ठेवणं नसतं, शेजारच्याच्या पानात डोकावणं नसतं. परमुलखात पोट डब्यावरही भरतं. घर मात्र पंगतीनेच भरल्यासारखं वाटतं.

तमिळ मुलखातल्या भिंतीवर मराठी उमटवायची हौस काही आजची नाही. सरफोजीराजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. ती अक्षरं अजून जागच्या जागी आहेत. आपल्या कांडीचं आयुष्य त्या मानाने अगदीच बेताचं. मार्च २०२५ मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाएकी बंद पडले, कारण त्यांच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. दुरुस्ती यायला काही दिवस गेले, आणि तेवढे दिवस अनेक घरांत पुन्हा ज्याचा त्याचा डबा उघडला.

तेव्हा मुलांकडे ओरगडमला, किंवा त्याहून लांब, राहायला गेलात तर कोपऱ्यात फोन धरून एकट्याने मालिका पाहू नका. ती भिंतीवर चढवायला लावा, आवाज मोठा ठेवा, आणि नातीने मध्येच थांबवली तर तिला बाहेर बोलवून शेजारी बसवा. फक्त त्याआधी सुनेला विचारून घ्या, कास्ट आहे की मिररिंग.