अप्पांचा पहारा

मंगल कार्यालयात शिरताना जे गृहस्थ एक चप्पल दाराच्या कोपऱ्यात आणि दुसरी पार जिन्याखाली काढून ठेवतात, ते आमचे अप्पा. म्हणजे माझे सासरे. "चोराला जोड लागतो. एकटी चप्पल कोण नेतंय?" हा त्यांचा सिद्धांत. जेवणं उरकल्यावर सगळं कार्यालय त्यांची दुसरी चप्पल शोधत असतं, हा त्या सिद्धांताचा खर्च.

अप्पांचं आयुष्य एका बँकेच्या कॅश काउंटरवर गेलं. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं पेनसुद्धा ते सुतळीने बांधून ठेवत. त्यामुळे माणूस समोर आला की तो काय देणार यापेक्षा काय नेणार, याचा अंदाज ते आधी घेतात. रेल्वेत बॅगेला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली बनियनच्या आतल्या खिशात. घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव. चहाच्या गाळण्याच्या दांडीवरही त्यांनी आद्याक्षरं कोरून घेतली आहेत. गाळणं चोरून माणूस किती लांब जाईल, असं मी एकदा विचारलं होतं. "विचारताय का ते?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, रोलरने शाई फिरवायची आणि कागद दाबून छाप उचलायचा. ती हे छाप उघड्यावरच्या कलाजत्रांतून विकते. थंडीत अशी एक जत्रा मुळशी धरणाच्या काठी एका कृषी पर्यटन केंद्राच्या हिरवळीवर असते. चांदणी चौकातली गर्दी फोडून भूगाव, पिरंगुट, पौड करत पुणेकर तिथे पोचतात ते पिठलं-भाकरी खायला आणि इंद्रायणी तांदूळ घ्यायला. कला वाटेत लागते.

तिथेच पहिल्या वर्षी टेबलावरचा एक खंड्या उडाला. पोस्टकार्डाएवढा छाप. बायको एका बाईंना चित्र बांधून देत होती आणि वळेपर्यंत जागा रिकामी. रात्री ही बातमी अप्पांना कळली आणि त्यांच्या निवृत्तीला अर्थ आला.

पुढच्या खेपेला ते गाडीत आमच्या आधी बसले होते. सोबत घडीची खुर्ची, रेल्वेवाली साखळी, एक शिट्टी आणि लांबट वही. स्टॉलवर पोचताच त्यांनी मालाची मोजदाद सुरू केली आणि पहिल्याच छापाखालच्या पेन्सिलीच्या खुणेवर थबकले.

"वीसपैकी तीन? कुणी तपासलं हे?"

"मार्क नाहीत ते, अप्पा. एकूण वीस छाप काढलेत, त्यातला हा तिसरा."

अप्पांनी टेबलाखाली पाहिलं, गाडीच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग बाकीचे सतरा कुठे गेले?" आधीचे दोन त्यांनी हिशेबातून कसे वगळले, हे मला अजून उमगलेलं नाही.

सहीवरूनही वाद झाला. छाप्याच्या चित्रावर उजवीकडे खाली पेन्सिलने बारीक सही करायची रीत आहे. अप्पांचं म्हणणं, सही अशी हवी की चित्राआधी ती दिसली पाहिजे, आणि शक्यतो मधोमध. "परातीवर नाव काय कडेला टाकतात?" असा त्यांचा सवाल. आमच्याकडे टाकतात, मधोमध आणि पत्त्यासकट.

त्यांनी कायदाही वाचून आणला होता. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये एक तरतूद आहे: चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामाजिक सेवेची. अप्पांच्या दृष्टीने हा कायदा नव्हता, ही दरपत्रकातली चूक होती. "सगळ्या चित्रांची किंमत पाच हजार एक कर," त्यांनी मुलीला बजावलं. "निदान चोराला बाग झाडून सुटता यायचं नाही." आठशे रुपयांचा खंड्या पाच हजार एकला कोण घेणार, हा प्रश्न त्यांना गौण वाटला. त्यांच्या लेखी विक्री हाही माल जाण्याचाच एक प्रकार होता.

दुपारच्या शांत वेळेला ते शेजारच्या स्टॉलवाल्यांना मोनालिसाच्या चोरीची हकीगत सांगतात. १९११ साली पॅरिसच्या लूव्हरमधून ती नेणारा पेरूजा हा पूर्वी तिथेच काम केलेला माणूस होता. दोन वर्षांनी इटलीत विकायला गेला तेव्हा सापडला. अप्पांना यातला तात्पर्याचा भागच आवडतो. "चोर कधी बाहेरचा नसतो. माहितगार असतो. घरातला!" आणि इथे, का कोण जाणे, ते माझ्याकडे बघतात.

खरं सांगायचं तर अशा जत्रेत चोरी करायला पेरूजा व्हायची गरजच नसते. चित्रकार एकटा असतो. त्यानेच वारा सुटला की जाळी धरायची, त्यानेच दर सांगायचा, त्यानेच पैसे आले का ते मोबाईलमध्ये बघायचं. डोंगरात रेंज नाही, म्हणून "नेटवर्क आलं की पाठवतो हं" म्हणणारे सज्जन वेगळेच. त्यांचं नेटवर्क पुण्यात पोचल्यावरही येत नाही. भाजीवाल्याची मिरची न विचारता न उचलणारी माणसं चित्र सहज पर्समध्ये सरकवतात. कागदच तर आहे, असं त्यांना मनापासून वाटत असावं.

अप्पांचा पहारा कडक, पण त्यात एक भोक आहे. त्यांना बोलायला आवडतं. त्या दुपारी एका तरुण जोडप्याने पाण्याकडे बोट दाखवून "काय छान तलाव आहे ना!" असं म्हटलं आणि संपलं. अप्पांनी स्टॉलकडे पाठ केली. "तलाव? अहो, टाटांचं धरण आहे हे. १९२१ साली इथे सत्याग्रह झाला, ठाऊक आहे? जमिनी जाणार म्हणून शेतकरी उठले. बापटांना सेनापती लोक म्हणायला लागले ते इथूनच. पाणी खाली कोकणात भिऱ्याला जातं, त्यावर वीज होते. गावंच्या गावं गेली साहेब, गावंच्या गावं!" सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापतो, आणि तेवढ्यापुरता मीही त्यांच्यावरचा राग विसरतो. ते वळले तेव्हा टेबलावरचा धनेश गेला होता.

मग शिट्टी. वाहनतळाकडे काखेत लांब नळी घेऊन निघालेले एक गृहस्थ अप्पांनी धावत जाऊन अडवले. "नळी उघडा!" गृहस्थ घाबरले, उघडली. आत प्लॉटचा नकाशा होता. माणूस जमीन दाखवायला आणणाऱ्यांपैकी होता. मी माफी मागायला धापा टाकत पोचलो, तर अप्पा नकाशा बॉनेटवर पसरून विचारत होते, "एनए झालंय का? गुंठ्याला काय भाव?" धनेशाचा विषय निघाला तो परतीच्या वाटेवर, पौड मागे पडल्यावर.

पण खरा दरोडा पडला तो दुसऱ्या दिवशी, आणि त्यात अप्पांनी हातभार लावला. चांगल्या घरच्या दिसणाऱ्या एक बाई आल्या. भातखाचरात उभ्या बगळ्यांच्या छापासमोर थांबल्या. "काका, एक फोटो काढू? नातीला दाखवायचाय. तिलाही फार आवड आहे चित्रांची." अप्पा विरघळले. प्लास्टिकवर ऊन चमकतंय म्हणून त्यांनी छाप स्वतः आवरणातून काढला, दोन्ही हातांनी धरला, "थोडं डावीकडे घेतो म्हणजे सावली पडणार नाही," असं म्हणत बाईंच्या मनासारखा फोटो होईपर्यंत उभे राहिले. वर नातीसाठी चिक्कीही दिली.

उन्हाळ्यात अप्पा कोथरूडच्या कुठल्याशा प्रदर्शनातून घरी आले ते काखेत उशी मारून. "बघ! तुझे बगळे! उशीवर छापलेत! साडेतीनशे म्हणत होते, तीनशेला आणली." चेहऱ्यावर मुलगी बोर्डात आल्याचा आनंद. बायकोने उशी फिरवून पाहिली. बगळे तिचेच होते. सहीची जागा कापून तिथे झालर लावली होती.

तिने शांतपणे समजावलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा, नोंदणी केलेली नसली तरी हक्क चित्रकाराचा, तो हयातभर आणि नंतरही ६० वर्षं. न विचारता छापणं ही चोरीच. अप्पांना हे पटायला वेळ लागला, कारण छाप तर घरात होता. मोजदादीत एकही कमी नव्हता. जे जागेवर आहे ते चोरीला कसं जातं?

"आणि मग आपल्या देवघरातली लक्ष्मी?" त्यांनी विचारलं. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीला आला, म्हणजे मुळशीच्या शेजारच्याच मावळात. आपली लक्ष्मी थेट तिथली, असं अप्पा पाहुण्यांना सांगत आलेत. मी तसबीर खाली काढली. फ्रेमच्या पट्टीआड एका किराणा दुकानाचं नाव आणि 'उधारी बंद आहे' अशी ओळ होती. अप्पांनी तसबीर पुन्हा टांगली. "देवाचं वेगळं असतं," ते म्हणाले.

उशीवाल्यांशी भांडायला ते दुसऱ्याच दिवशी गेले, पण प्रदर्शन उठलं होतं. वहीत त्यांनी नोंद केली: 'बगळे, नग दोन. उशी रु. ३००. वसुली बाकी.'

यंदा मुळशीला साखळी आली नाही, शिट्टीही नाही. उशी मात्र आली; अप्पा तीच खुर्चीवर घेऊन बसतात. कुणी फोटो काढू का विचारलं की नाही म्हणत नाहीत. उठतात, छाप हातात घेतात, हनुवटी त्याच्या वरच्या कडेवर टेकवतात आणि अंगठा बरोब्बर बगळ्याच्या पोटावर ठेवतात. "काढा," म्हणतात. "आता छापा म्हणावं उशीवर."

काल एक कॉलेजची मुलगी मोबाईल घेऊन समोर उभी राहिली. अप्पांनी सवयीने छापाला हात घातला, तर ती म्हणाली, "नको आजोबा, चित्र राहू दे. तुमचाच काढते."

अप्पांनी खिशातून कंगवा काढला.