खुनी माहीत असलेला रहस्यपट

रहस्य कुणाला आवडत नाही? परदेशातल्या बर्फाळ गावात मुडदा सापडला की आपण रात्र जागून सगळे भाग संपवतो. मुडदा आपल्याच उसाच्या फडात असला, की लगेच जांभया सुरू.

१९७५ साली हेच झालं. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं पहिलंच दिग्दर्शन, रामदास फुटाण्यांची निर्मिती. चित्रपट ‘सामना’. साखरपट्ट्यातला सत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील, गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर आणि एक नाहीसा झालेला माणूस. मारुती कांबळेचं काय झालं?

समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. आणखी काय हवं होतं?

प्रेक्षक. ते आलेच नाहीत.

मग बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाची निवड झाली, तो पुन्हा लागला आणि गर्दी लोटली. कारखाना आपला, पाटील आपला, मास्तरही आपलाच. लायकीची पावती मात्र बर्लिनहून यावी लागली.

‘जरा जड होता हो,’ असं सांगणारे अजून भेटतात. मला हे पटत नाही. तीनच वर्षं आधी शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’ला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. तिथेही लागूच, तिथेही घसरलेला मास्तरच. पण तो घसरला बाईपायी. त्याच्याकडे बघताना प्रेक्षकाला आपण सोवळे असल्यासारखं वाटत होतं. ‘सामना’ने ती सोय ठेवली नाही.

कारण हिंदुराव नुसता खलनायक नाही. त्याने उभं केलंय. माळरानावर कारखाना आणलाय, हाताला काम दिलंय, घराघरात चूल पेटवलीय. ही महत्त्वाकांक्षा खोटी नाही, आणि तिच्या आड आलेला मारुती कांबळेही खोटा नाही. मग ज्याच्या जिवावर पोरांची लग्नं झाली, त्याला जाब विचारायचा कुणी?

विचारतो मास्तर. तो काही धुतल्या तांदळासारखा नाही. हिंदुरावाच्याच घरी जेवतो, त्याचीच दारू पितो आणि तरी विचारतो. मला या चित्रपटात सर्वांत मोठं वाटतं ते हे. मीठ खाल्लं म्हणून जीभ गहाण टाकायची नसते, हे एका दारुड्याला कळतं. शुद्धीवरच्या अख्ख्या गावाला कळत नाही.

कोल्हापूरकरांनो, आपल्याच गोष्टीकडे पाठ फिरवण्याचा हा दोष इतरांवर ढकलू नका. आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला होता. गोष्ट ना. ह. आपट्यांची, शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि कुणबी शहरात गिरणी कामगार होतो. जाणकारांनी वाखाणला. लोकांनी?

लोकांना देवादिकांचे चमत्कार हवे होते.

वही सावकाराची आणि अंगठा आपला, हे पडद्यावर बघायला पैसे कोण मोजणार? पुढे पन्नास वर्षांनी सावकाराच्या जागी चेअरमन आला. पाठ फिरवण्याची रीत तीच राहिली.

आज दोन्ही चित्रपटांना अभिजात म्हणतात. अभिजात म्हटलं की हार घालता येतो, प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही.

आणि प्रश्न कुठे जुना झालाय? कारखान्याच्या एखाद्या वार्षिक सभेला जाऊन बघा. अहवाल वाचायला सुरुवात होते न होते, तोच मांडवातून ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो. काटा किती मारला, कर्ज कुठे गेलं, हे विचारायला एखादा सभासद उठतो. दोन वाक्यं होतात आणि माईक बंद पडतो.

तो कुणी बंद केला, हे मांडवातल्या प्रत्येकाने बघितलेलं असतं.